टेकडी आठ दिवस सगळ्यांची

वांद्र्याची टेकडी एरवी शांत असते. माउंट मेरी रोडवर झाडांची सावली, उंच इमारतींची बंद फाटकं, फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेला रखवालदार आणि वळणावर मधूनच दिसणारा समुद्र. त्या समुद्राकडे उघडणाऱ्या एका खिडकीची किंमत ऐकली तरी गोवंडीतला किंवा नालासोपाऱ्यातला माणूस गप्प बसेल. खाली बँडस्टँडला नटांचे बंगले, वर टेकडीवर पैसेवाल्यांची घरं.

आणि तरी दर सप्टेंबरात आठ दिवस ही टेकडी गोवंडीची आणि नालासोपाऱ्याची होते. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चची जत्रा उभी राहते (८ तारीखच रविवारी आली तर त्याच दिवशी) आणि पुढच्या रविवारपर्यंत चालते. इंग्रजी वर्तमानपत्रं तिला ‘बँड्रा फेअर’ म्हणतात. कोळीवाड्यांत, गावठाणांत आणि जुन्या चाळींत ती मोत माउलीची, म्हणजे त्याच मरियेची, जत्रा आहे.

संपादकांनी यंदा ‘रस्त्यावरचे उत्सव’ हा विषय दिला, तेव्हा गणपती सोडून काही लिहावं असं त्यांचं म्हणणं होतं. हे शहर ज्या एका माउलीपाशी धर्म न विचारता जातं, ती या टेकडीवरची. तिची जत्रा एका अंगाने नवस आहे आणि दुसऱ्या अंगाने चैन. मला ही दोन्ही अंगं एकाच जागी, एकाच रात्री पाहायची होती.

मेणाचे हात, मेणाची घरं

वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला उतरलात की रस्ता विचारावा लागत नाही. बेस्ट या आठ दिवसांत जादा गाड्या सोडते, पण गर्दी इतकी असते की बरेच जण हिल रोडने सरळ चालू लागतात. सेंट पीटर चर्च, सेंट स्टॅनिस्लॉस शाळा, मग मेहबूब स्टुडिओ. इथून डावीकडे चढ लागतो आणि चढाबरोबर हाका सुरू होतात. “ताई, मेणबत्ती घ्या, हार घ्या, माउलीला हार घ्या!”

पहिली दुकानं मेणाची. साध्या मेणबत्त्या तर आहेतच, लहान बोटाएवढ्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत. पण नजर खिळते ती आकारांवर. मेणाचा हात, मेणाचा पाय, डोळ्यांची जोडी, हृदय, पोट, गुडघा. मेणाचं बाळ, मेणाची बाई, मेणाचा पुरुष. कौलारू छपराचं घर आणि त्याच्या शेजारी मजल्यांची इमारत, कारण चाळीतल्या माणसाचं स्वप्न आता फ्लॅटचं झालं आहे. मोटार, विमान, पुस्तक, पासपोर्ट. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, त्याचा आकार विकत घ्यायचा, हातात धरून वर न्यायचा आणि माउलीच्या पायाशी ठेवायचा. हवं ते मिळालं की पुढल्या वर्षी पुन्हा यायचं. तो नवस फेडणं.

या व्यवहारातली एक गोष्ट मला फार भावली. माणूस इथे दुःख बोलून दाखवत नाही, नुसतं हातात धरतो. रांगेत माझ्या पुढे एक मध्यमवयीन गृहस्थ होते, हातात मेणाचं मूत्रपिंड. त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या मागच्या मुलीच्या हातात पुस्तकाचा आकार होता, तिची परीक्षा असणार. त्या रांगेत प्रत्येकाची अडचण सगळ्यांना दिसत होती आणि त्यामुळे कुणी कुणाकडे निरखून पाहत नव्हतं.

हे आकार घडतात कसे? साचा दोन फाकांचा असतो. तो घट्ट बांधून त्यात पातळ मेण ओततात. मेण बाहेरच्या अंगाने आधी थिजतं, मग मधलं पातळ मेण परत भांड्यात ओतून घेतात. म्हणून हात आतून पोकळ आणि वजनाला हलका असतो. साचा उघडला की शिवणीची रेघ सुरीने तासायची आणि आकार निवायला ठेवायचा. मेण कमी ढाळलं तर बोटं मोडतात आणि जास्त ढाळलं तर नफा जातो, म्हणून ओतणाऱ्याच्या हाताला अंदाज लागतो. वर वाहिलेलं मेण वाया जात नाही. चर्चमधले स्वयंसेवक ते गोळा करतात, ते वितळतं आणि त्यातून पुन्हा मेणबत्त्या होतात. गेल्या वर्षी कुणाचा पाय असलेलं मेण यंदा कुणाचं घर असू शकतं.

पेटवायच्या मेणबत्त्यांची जागा वेगळी आहे. चर्चच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे पायऱ्या चढून फातिमा माउलीचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. तिथे लोक मेणबत्त्या पेटवतात. संध्याकाळनंतर त्या पायऱ्यांवर उभं राहिलं की चेहऱ्याला आच लागते. खालून वारा येतो तो समुद्राचा, खारा.

दर्याची माउली

चिंबई, खार दांडा, माहीम, वरळी, वर्सोवा. मुंबईच्या कोळीवाड्यांतून या जत्रेला येणारी माणसं गर्दीत वेगळी ओळखू येतात. बायकांच्या अंबाड्यात गजरे, अंगावर ठेवणीतली लुगडी किंवा झगझगीत साड्या, गळ्यात सोनं, आणि सोबत सगळा गोतावळा. त्यांतले काही ख्रिस्ती आहेत, बरेच हिंदू. कार्ल्याच्या एकवीरेला जो कोळी चैत्रात पालखी घेऊन जातो, तोच सप्टेंबरात मोत माउलीला हार घालतो. त्याला यात जुळवून घेण्यासारखं काही वाटत नाही. दोघीही दर्यावर लक्ष ठेवणाऱ्या.

जत्रेचा मोसमही त्यांच्या सोयीचा आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असा बंदीचा नियमच आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की होड्या जोमाने बाहेर पडतात. सप्टेंबर येतो तोवर हंगामाची पहिली कमाई हातात असते. दोन महिने रिकामी असलेली घरं या दिवसांत जराशी सैल होतात, आणि नवस फेडायला, पोरांना खेळणी घ्यायला पैसा असतो.

माउलीचीही कथा दर्याचीच. मूर्ती सोळाव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी पोर्तुगालहून आणली असं सांगतात. १७०० साली अरब चाच्यांनी टेकडीवर छापा घातला, मूर्तीच्या हातात सोन्याची वस्तू आहे असं समजून तिचा उजवा हात तोडला. ते प्रार्थनागृह पेटवणार होते, पण मधमाश्यांचं मोहोळ त्यांच्यावर तुटून पडलं आणि ते पळाले. पुढे मूर्ती समुद्रात गेली. तिची जागा काही काळ सेंट अँड्र्यू चर्चमधल्या ‘नाविकांच्या माउली’ने सांभाळली. मग एका कोळ्याला स्वप्न पडलं, त्या स्वप्नाप्रमाणे मूर्ती समुद्रात सापडली. कथा कोणत्याही कोळीवाड्यात ऐका, तपशील थोडे बदलतील, पण मूर्ती शोधणारा कोळीच असेल. त्या एका माणसामुळे टेकडीवर कोळ्यांचा हक्क आहे, असं मला त्यांच्या चालण्यावरून वाटत राहिलं. ते पाहुण्यासारखे चढत नाहीत.

तुटलेल्या हातावर आता बाळ येशू आहे, त्याने ती जखम झाकली आहे. जिथे लोक मेणाचे हात घेऊन येतात, तिथल्या माउलीचाच हात एकदा तुटला होता. रांगेतून पुढे सरकताना हे आठवलं आणि मी त्या मूर्तीकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं.

पानिपताच्या वर्षी

टेकडीवर मातीचं छोटं प्रार्थनागृह १६४० च्या सुमाराचं. त्याच काळात खाली समुद्राच्या टोकाशी पोर्तुगीजांनी आग्वादचा किल्ला बांधला. त्याचे अवशेष आजही बँडस्टँडच्या टोकाला आहेत आणि तरुण जोडपी त्यांच्यावर बसून सूर्यास्त पाहतात. वांद्रं ज्या साष्टी बेटावर आहे त्यावर मराठे चालून आले तेव्हा, किल्ला त्यांच्या हाती पडला तर समोरच्या मुंबई बेटाला धोका होईल या भीतीने तो पाडला गेला. टेकडीवरचं प्रार्थनागृहही त्याच धामधुमीत गेलं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तोवर साष्टीही मराठ्यांकडे आली होती.

यापुढचा भाग आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. प्रार्थनागृह पुन्हा उभं राहिलं ते १७६१ साली, आणि वांद्रं तेव्हा मराठ्यांच्या ताब्यात होतं. साष्टी इंग्रजांकडे गेली ती १७७४ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी जानेवारीत पानिपतावर मराठी फौज कापली गेली, त्याच वर्षी मराठी राज्यातल्या या टेकडीवर मोत माउलीला पुन्हा छप्पर मिळालं. वसईच्या लढाईची वर्णनं आपण शाळेपासून वाचत आलो. त्या विजयानंतर गावागावांत माणसं एकमेकांसोबत कशी राहिली, याची नोंद इथे विटांत आहे, आणि ती मला लढाईइतकीच मोलाची वाटते.

आजची इमारत १९०४ ची. शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुरचनाकाराने ती आखली. १९५४ मध्ये रोमहून तिला बॅसिलिकेचा मान मिळाला. पारशांचं नातं त्याआधीचं आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीतून लोक होड्यांनी जात आणि पावसाळ्यात त्या उलटत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी पुलासाठी १,५७,००० रुपये दिले, अट एकच की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पथकर घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला, आणि मुंबई बेटावरचा गरीब माणूस पाय न भिजवता, पैसा न देता टेकडीकडे येऊ लागला. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे रेल्वेची गाडी सुरू झाली, तेव्हा उत्तरेकडचीही माणसं आली. जत्रा मोठी होण्यामागे हे दोन रस्ते आहेत.

खाजं, पेराड आणि गरम चोरीस-पाव

चर्चमधून बाहेर पडलं की उतरतीचा रस्ता खाण्याचा. नवस फेडून हलकी झालेली माणसं इथे अक्षरशः तुटून पडतात.

गोव्याकडच्या मिठाईवाल्यांच्या टोपल्या आधी दिसतात. बेसनाच्या बोटभर काड्या तळून, गूळ आणि आल्याच्या पाकात घोळवलेल्या. गोव्याचे लोक त्यांना कडयो-बोडयो म्हणतात, सिंधुदुर्गातला माणूस पाहताक्षणी खाजं म्हणतो. मालवणी जत्रेत कागदाच्या पुड्यात मिळतं ते हेच. गूळ चांगला आटलेला असला की खाजं दाताखाली आधी कडक लागतं आणि मग सुटतं. आटला नसेल तर चिकट, दाताला धरून बसणारं. विकत घेण्याआधी एक तुकडा मागून चाखावा, कुणी नाही म्हणत नाही. शेजारी पेरूचं पेराड, तांबूस वड्यांत कापलेलं, आणि काळपट, तुपकट दोदोल. पलीकडे चणे-शेंगदाण्यांचे ढीग, रंगीत साखरेच्या मिठाया, माहीमचा पापुद्र्यासारखा पातळ हलवा.

मग गरम खाणं. कोळशावर किंवा तव्यावर चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, परतायला घेतलं की त्याच्या व्हिनेगरचा आणि मिरचीचा वास दहा दुकानं ओलांडून येतो. पावात भरून देतात. कुठे सोरपोटेल, कुठे कटलेट. ईस्ट इंडियन घरांतल्या बायकांनी लावलेल्या टेबलावर फुगे नावाचे तळलेले गोळे असतात, तांबूस, गोल, आतून पोकळ. हे ईस्ट इंडियन म्हणजे साष्टी, वसई आणि मुंबई बेटावरचे मूळचे ख्रिस्ती. घरी मराठीची बोली बोलणारे, शेती, मासेमारी आणि मिठागरं करणारे. १८८७ मध्ये त्यांनी आपली संघटना काढली आणि हे नाव घेतलं. इंग्रजी नावामुळे पुष्कळ मराठी वाचकांना ते परके वाटतात, पण त्यांच्या घरातल्या आजीचं बोलणं ऐकलं की आपली एखादी वसईची मावशी बोलते आहे असं वाटेल. त्यांच्या बाटली मसाल्यात मिरची, धणे, हळद यांच्याबरोबर डझनावारी जिन्नस असतात आणि तो उन्हाळ्यात भाजून-कुटून वर्षभर बाटल्यांत भरून ठेवतात. जत्रेत तो विकायला असेल तर घ्यावाच.

चैनीची दुसरी बाजू पोरांची. आकाशपाळणा, घोड्यांचा चक्री पाळणा, नेमबाजीने फुगे फोडायचे, रिंग टाकून साबणाची वडी जिंकायची. प्लास्टिकच्या पिपाण्या. त्या पिपाण्यांबद्दल रहिवाशांची तक्रार असते आणि ती खरी आहे. रात्री अकरा वाजता शंभर पोरं एकदम पिपाणी फुंकतात तेव्हा कान बधिर होतात. आवाज कमी व्हावा असं मलाही वाटतं. पण पिपाणी हातात असलेल्या एका पोराचा चेहरा मी पाहिला. बापाच्या खांद्यावर बसून ते टेकडीवरून खाली सगळ्यांच्या डोक्यांच्या वर तरंगत चाललं होतं. जत्रा म्हणजे काय, हे त्याला पुढे कुणी सांगावं लागणार नाही.

रस्ता चालतो कसा

दुरून ही गर्दी बेशिस्त वाटते. जवळ गेलं की तिच्यातली घडी दिसते. टेकडीकडे जाणारे रस्ते पोलीस खाजगी गाड्यांना बंद करतात, रहिवाशांना पास असतात. चढण्याचा आणि उतरण्याचा ओघ वेगळा ठेवला जातो, बांबूचे कठडे त्यासाठीच. दर थोड्या अंतरावर पोलीस, आणि त्यांच्याहून जास्त काम करणारे चर्चचे स्वयंसेवक, गळ्यात ओळखपत्र घातलेली विशी-बाविशीची मुलं-मुली. हरवलेली पोरं सांभाळायची, म्हाताऱ्यांना रांगेत पुढे घ्यायचं, हातातल्या पेटत्या मेणबत्त्या विझवायला लावायच्या. आत मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, एकामागून एक होत राहतात, इंग्रजीबरोबर मराठीत, कोंकणीत, हिंदीत. एका भाषेची माणसं बाहेर पडत असतानाच दुसऱ्या भाषेची आत येत असतात, आणि बाकांवरच्या जागा गरम असतानाच भरतात.

दुकानं पालिकेच्या परवान्याची. जागेवरून दरवर्षी थोडीफार ओढाताण होते, कारण चढाच्या पायथ्याचं दुकान आणि वळणाआडचं दुकान यांच्या विक्रीत मोठी तफावत पडते. वरच्या बाजूला मेण आणि हार खपतात, कारण माणूस रिकाम्या हाताने माउलीपुढे जात नाही. खालच्या बाजूला खाऊ आणि खेळणी, कारण उतरताना हात मोकळे असतात. विक्रेत्यांना हे पाठ आहे.

सप्टेंबर म्हणजे पाऊसही असतो. सर आली की ताडपत्र्या झपाट्याने ओढल्या जातात आणि ग्राहक-विक्रेते एकाच ताडपत्रीखाली दाटीने उभे राहतात. सर थांबली की ताडपत्रीत साठलेलं पाणी बांबूने ढकलून देतात आणि विक्री मागच्या वाक्यापासून पुढे चालू होते. मध्यरात्रीनंतर पालिकेचे सफाई कामगार येतात. कागद, पत्रावळी, हारांची फुलं, फुटलेले फुगे. सकाळच्या पहिल्या मिस्सेला येणाऱ्याला रस्ता स्वच्छ मिळतो तो त्यांच्यामुळे. जत्रेच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख असायला हवा असं मला वाटतं.

जत्रा आवरावी का

दरवर्षी कुणीतरी म्हणतं की जत्रा लहान करा, दुकानं हटवा, प्रार्थना तेवढी ठेवा. टेकडीवर राहणाऱ्याला आठ दिवस आपल्याच घरी पोचायला त्रास होतो हे खरंच आहे. आजारी माणूस घरात असेल तर रुग्णवाहिकेला वाट हवीच, आणि ती ठेवणं प्रशासनाचं काम आहे.

पण जत्रा आवरली तर काय राहतं, हे आपण पाहिलं आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे जत्रा भरली नाही, पुढच्या वर्षीही नाही. २०२२ मध्ये ती पुन्हा भरली तेव्हा लोक कसे लोटले, हे त्या वर्षी तिथे असलेला कुणीही सांगेल. मेणाचा पाय घेऊन आलेल्या बाईला नंतर नातवाला पाळण्यात बसवायचं असतं आणि खाजं घेऊन घरी जायचं असतं. तिच्यासाठी तो सगळा मिळून एकच नवस आहे. तिला फक्त रांग द्या आणि पाळणा काढून घ्या, तर ती टेकडी तिच्यासाठी पुन्हा बंद फाटकांची होईल. हे शहर आपल्या चांगल्या जागा गरिबांना सहज देत नाही. इथे आठ दिवस तरी मिळतात, ते तसेच राहावेत, आणखी सोयीचे व्हावेत.

जायचं असेल तर

दोन्ही रविवार टाळा, ज्यांना गर्दीतच जत्रा वाटते त्यांनी मात्र पहिल्याच रविवारी जावं. निवांत पाहायचं तर मधल्या वारी दुपारी निघा. तीनच्या सुमारास चढ चढायला मोकळा असतो, मेणाची दुकानं नीट न्याहाळता येतात, विक्रेता बोलायलाही तयार असतो. चर्चमध्ये शांत बसता येतं. संध्याकाळी पायऱ्यांवर दिवे लागले की बाहेर या, सहानंतर खाण्याच्या रस्त्याला लागा. चोरीस-पाव उभ्यानेच खा. खाजं शेवटी घ्या, नाहीतर पिशवीतच संपतं.

परतताना माउंट मेरी रोडनेच उतरू नका. दुसऱ्या बाजूने वारोडा आणि रणवारच्या जुन्या गावठाणांतून या. अरुंद गल्ल्या, लाकडी कठड्यांची घरं, भिंतींवर रंगवलेली चित्रं आणि वळणावळणावर दगडी क्रूस. १८९६ च्या प्लेगनंतर यांतले कितीतरी क्रूस गावकऱ्यांनी उभारले, साथ आपल्या गल्लीत येऊ नये म्हणून. जत्रेच्या दिवसांत त्यांच्यावरही झेंडूचे हार असतात.

शेवटच्या रविवारी रात्री दुकानदार आवराआवर करू लागतात. पाळण्यांचे लोखंडी सांगाडे सुटे करून ट्रकवर चढतात. डिसेंबरात खाडीच्या पलीकडे माहीमला मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याची जत्रा भरते, तिथला पहिला संदल मुंबई पोलीस वाजतगाजत घेऊन जातात. चणेवाला, पिपाणीवाला, पाळणेवाला असे कितीतरी जण तेव्हा तिथे असतील. मेणवाले साचे धुऊन ठेवतात. नव्या हंगामासाठी त्यांना यंदा एक जास्तीचा आकार करून घ्यायचा आहे, एकाने मला सांगितलं. लोक आता लॅपटॉप मागतात.